मदत हवी आहे: टोमॅटोचं बूड काळं पडायलंय, तीन फवारण्या झाल्या तरी थांबंना

काळीमाती_केज

नमस्कार. केज तालुक्यात आमचं गाव. २० गुंठे टोमॅटो, ५ फेब्रुवारीची लागवड. काळी जमीन, बोअरचं पाणी, बेडवर ड्रिप. मल्चिंग पेपर टाकला नाही, तेवढे पैसे नव्हते. शेत मी आणि आई दोघीच बघतो.

झाडं अंगानं चांगली आहेत, कमरेला लागलीत. फळ लिंबाएवढं होईपर्यंत हिरवंगार असतं. मग बुडाशी, देठाच्या उलट बाजूला, पाणी मुरल्यासारखा डाग येतो. चार-पाच दिवसांत तपकिरी, मग काळा होऊन आत दबतो. बोटानं दाबलं तर चामड्यासारखा लागतो. काल दहा-बारा फळं चिरून बघितली. अळी नाही, छिद्र नाही, घाण वास नाही. वरचा अर्धा भाग एकदम चांगला.

औषधाच्या दुकानात फळ दाखवलं तर करपा आहे म्हणाले. दोन वेगवेगळ्या बुरशीनाशकांच्या मिळून तीन फवारण्या केल्या, काडीचा फरक नाही. पहिल्या तोड्याला ११ कॅरेट निघाले, त्यातले ४ बांधावर ओतले. संध्याकाळी आई त्या ढिगापाशी बसून एकेक फळ उलटून बघत होती, विकण्यासारखं एखादं निघतंय का म्हणून. मला ते बघवलं नाही.

दुसरं म्हणजे, ३०-३५ झाडांची शेंड्याची पानं वाटीसारखी वर वळून बारीक, पिवळसर झालीत. हे दोन्ही एकाच रोगाचं आहे का? जाणकारांनी कृपया सांगा.

गोदाकाठ

ताई, दोन्ही वेगळं आहे. पानांचं आधी सांगतो. तो बोकड्या, म्हणजे लीफ कर्ल व्हायरस. पांढऱ्या माशीनं पसरतो आणि त्याच्यावर औषध नाही. ती झाडं उद्या सकाळीच उपटून पुरून टाका, बांधावर टाकू नका. बाकीच्या प्लॉटमध्ये पिवळे चिकट सापळे लावा.

बूड काळं पडणं हा मात्र रोगच नाही. त्यामुळं बुरशीनाशक कितीही मारलं तरी उपयोग नाही. दोन गोष्टी सांगा: पाणी किती दिवसांनी आणि किती वेळ देता? आणि काळी फळं प्लॉटभर सारखी आहेत का एका बाजूला जास्त?

काळीमाती_केज

शेतीची लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री असते. रात्री आम्ही दोघी मोटरीवर जात नाही. म्हणून दिवसा लाईट आली की चार-पाच तास सलग सोडतो, मग तीन-चार दिवस काहीच नाही. तोवर बेडला बोट जाईल एवढी भेग पडलेली असते.

दुसरं आत्ता फिरून बघून आले. मोटरीच्या बाजूला काळी फळं कमी आहेत. नळ्यांच्या शेवटाला, बांधाकडं, जवळजवळ प्रत्येक झाडावर आहेत. इतके दिवस हे लक्षातच आलं नव्हतं.

गोदाकाठ

मग उत्तर तुमच्याच बोलण्यात आहे. बुडाला कॅल्शियम पोचत नाही. कॅल्शियम मुळातून पाण्याबरोबरच वर चढतं. उन्हात पानं जास्त पाणी सोडतात, म्हणून पाण्याचा ओढा पानांकडं असतो आणि फळाच्या वाट्याला थोडंच येतं. त्यात बूड सगळ्यात शेवटी. एकदा पानात गेलेलं कॅल्शियम परत फळाकडं येत नाही. फळ वाढायच्या दिवसांत तीन दिवस जमीन वाळली की तेवढ्यात बुडाचा भाग मरतो. नंतर धो धो पाणी देऊन तो भरून येत नाही, उलट मुळं गुदमरतात आणि वर फळं तडकतात.

आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी मुबलक असते, म्हणजे कॅल्शियम जमिनीत आहेच. अडचण पाण्याच्या खंडाची आहे. मोटरीच्या ऑटोला, म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप चालू करणाऱ्या स्टार्टरला, टायमर बसवून घ्या म्हणजे रात्री जायचं काम नाही. रोज एक-दीड तास द्या, जमीन कायम वापशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नाही अशी, राहिली पाहिजे. मल्चिंग पेपर नसला तरी सोयाबीनचं भुसकट किंवा उसाचं पाचट बेडवर चार बोटं पसरा.

आणि नळीच्या शेवटाचे ड्रिपर आजच तपासा.

लातूरकर_मळा

गोदाकाठ यांच्याशी सहमत. माझी भर एवढीच की युरिया देत असाल तर बंद करा. झाडाला नुसता पाला सुटतो आणि पाला सगळं कॅल्शियम ओढून घेतो. पोटॅशचा माराही जास्त नको. ड्रिपमधून कॅल्शियम नायट्रेट एकरी ५ किलो, म्हणजे तुम्हाला अडीच किलो, आठवड्यातून एकदा सोडा. ०:५२:३४ किंवा सल्फेटवाल्या कुठल्याही खताबरोबर एकाच टाकीत कालवू नका, द्रावण फुटून साका बसतो आणि ड्रिपर चोंदतात. पाण्याची शिस्त नसेल तर मात्र हे खतही वाया जाईल.

काळीमाती_केज

ड्रिपर तपासले. ताशी ४ लिटरचे आहेत. पंधरा मिनिटं खाली बाटली धरली. मोटरीजवळ ९०० मिली भरलं, शेवटच्या झाडाला २५० मिली. तोंडाशी चुन्याचं पांढरं पूट बसलंय, नखानं खरवडलं तर पापुद्रा निघाला. आईनं हातात घेऊन बघितला आणि म्हणाली, हंड्याला बसतं तेच की हे.

एंड कॅप, म्हणजे नळीच्या शेवटचं बूच, काढून पाणी सोडलं तर आधी चहासारखं गढूळ आलं. पण चुना तसाच आहे. काय करू?

गोदाकाठ

बोअरचं क्षाराचं पाणी, दुसरं काय होणार. ॲसिड ट्रीटमेंट, म्हणजे नळ्यांत पातळ ॲसिड सोडून चुना विरघळवणं, करावी लागेल. ड्रिपवाल्या दुकानातून माणूस बोलवा, पहिल्यांदा एकटीनं करू नका. ॲसिड पाण्यात ओतायचं, ॲसिडात पाणी कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा लागतोच. सोडून झालं की रात्रभर नळ्यांत राहू द्या, सकाळी एंड कॅप उघडून स्वच्छ धुवून काढा.

काळीमाती_केज

सोमवारी दिवसाची लाईट आहे, तेव्हा करून घेते. टायमरचंही बोलून ठेवलं. एक राहिलंच, काळी फळं झाडावर ठेवू का तोडू? आई म्हणते पिकली तर वरचा भाग घरी भाजीला होईल.

गोदाकाठ

तोडा. ती सुधारत नाहीत, झाडाची ताकद मात्र खातात. वरची फळं सुधारलेली दिसायला दोन-तीन आठवडे लागतील, तोवर धीर सोडू नका. बूड कापून उरलेलं खायला काही अपाय नाही, हिरव्याची शेंगदाणे-लसूण घालून चटणीही चांगली होते. पण शेवटची फवारणी कधीची आहे? फवारणीनंतर किती दिवस फळ तोडायचं नाही ते डब्यावर छापलेलं असतं. आईंना सांगून तेवढे दिवस मोजा, मगच घरात घ्या.