मदत हवी आहे : आभाचा ओटीपी मुलाच्या फोनवर, आई ओपीडीच्या रांगेत
ओपीडीत क्यूआर स्कॅन करून टोकन घ्यायचं तर आभा (सरकारी डिजिटल आरोग्य खातं, त्याचा १४ अंकी क्रमांक असतो) लागते. ती आधारवरून काढताना ओटीपी जातो आधारला जोडलेल्या नंबरवर. तो नंबर एकतर रिचार्जअभावी बंद, नाहीतर पुण्याला कामाला गेलेल्या मुलाचा. तो आकडे सांगेपर्यंत मुदत संपते. ठसे घ्यावेत तर ऊसतोड, धुणीभांडी करून बोटांच्या रेघाच झिजलेल्या. बोट पुसून, बदलूनही यंत्र नकार देतं. आधार केंद्रात नंबर बदलायचा म्हणजे एका दिवसाचा रोज बुडतो. (आभा ऐच्छिक आहे, केसपेपर हातानं निघतो, हे ठाऊक आहे; पण रांग तीच.)

आशाताईंच्या फोनवरून चेहरा-पडताळणी कुठे नियमित होते का? अंधाऱ्या व्हरांड्यात जमते? आणि घरातल्या सगळ्यांची आभा एकाच नंबरवर असेल तर सुनेचे रिपोर्ट सासऱ्याच्या हातात पडू नयेत म्हणून काय करता?