मेडिकलला निम्म्या मुली आल्या, मग आता भांडण कशाचं?

आभाळवेडी

गेल्या आठवड्यात डिपार्टमेंटच्या मीटिंगमध्ये मी एक विषय काढला, की रेसिडेंट प्रेग्नंट असेल तर तिच्या नाइट ड्यूट्या कशा लावायच्या याचा एकदाचा लेखी नियम करून टाकू, दर वेळी तिने एकेकाच्या विनवण्या करत फिरायचं हे बंद होऊ दे. त्यावर एक सीनियर सर म्हणाले, आता कॉलेजात निम्म्याहून जास्त मुलीच आहेत, अजून किती समता पाहिजे तुम्हाला? सगळे हसले आणि विषय तिथेच संपला. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय म्हणून इथे लिहितेय.

माझं म्हणणं असं आहे की दारातून आत येणं हा एक टप्पा झाला. आत आल्यावर कोणाच्या शरीरावरून शिकवतात, औषध कोणावर तपासतात, ड्यूटी कोण लावतं, हे प्रश्न वेगळे नाहीयेत, ते त्याच भांडणाचे आहेत. आणि त्याचा फटका फक्त डॉक्टर बायकांना बसत नाही, पेशंटला बसतो.

एक सांगते. मी सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून जीव वाचवायचं, ट्रेनिंग देते. आमचा सरावाचा पुतळा सपाट छातीचा, पुरुषाचाच, आजवर मी कधी त्यावर विचारही केला नव्हता. मागच्या बॅचला मी त्याला ब्रा घातली, आत कापडाच्या गुंडाळ्या भरल्या, वरून शर्ट चढवला आणि म्हटलं, ही बाई कोसळलीय, एईडीचे, म्हणजे हृदयाला शॉक देणाऱ्या यंत्राचे, पॅड लावा. पहिला मुलगा पुढे आला, शर्टाची दोन बटणं काढली आणि त्याचे हात तिथेच थांबले. माझ्याकडे बघायला लागला. मग पॅड शर्टावरूनच चिकटवायला निघाला, खरं तर ते उघड्या त्वचेवरच लावायचे असतात हे त्याला तोंडपाठ होतं. मागून एक मुलगी म्हणाली कपडे कापायला कात्री हवी, कात्री किटमध्येच होती, पण ती कशासाठी ठेवलेली असते हे कोणी कधी सांगितलंच नव्हतं. या सगळ्यात दीड मिनिट गेलं. हृदय बंद पडलेल्या माणसासाठी दीड मिनिट म्हणजे काय हे इथल्या डॉक्टरांना सांगायला नको.

अमेरिकेत २०१८ साली एक अभ्यास आला होता, सार्वजनिक जागी कोसळलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्के जणांना आसपासच्या लोकांनी सीपीआर दिला, बायकांमध्ये हेच प्रमाण ३९ टक्के. यात कोणी वाईट माणूस नाहीये. आम्ही शिकवलंच नाही, एवढंच.

सरळरेघ

पुतळ्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य, उद्यापासून करा. पण त्यावरून तुम्ही थेट समतेवर उडी मारताय ती मला पटत नाही.

एकतर प्रवेशाला आता अडवत कोणी नाही. वरच्या पदांवर बायका कमी दिसतात कारण आज जे पंचावन्न-साठीचे आहेत ते शिकले तेव्हा वर्गात मुलीच कमी होत्या, आत्ताच्या बॅचेस वर सरकल्या की आपोआप चित्र बदलेल, त्याला वेळ द्या. दुसरं, जगभरात पुरुष बायकांपेक्षा साधारण पाच वर्षं कमी जगतात, डॉक्टरकडे उशिरा जातात, त्यासाठी समतेचा झेंडा घेऊन कोणी उभं राहिलेलं मी तरी पाहिलं नाही.

आणि राग येईल पण बोलतो. प्रेग्नंट रेसिडेंटची नाइट सुटते तेव्हा ती नाइट हवेत विरत नाही, कोणाच्या तरी डोक्यावर पडते. माझ्या पडली होती, तीन आठवडे एक दिवसाआड. मी तेव्हा काही बोललो नाही कारण बोललो असतो तर माणुसकी नसलेला ठरलो असतो. यालाही अन्यायच म्हणायचं ना?

ओंजळ

सरळरेघ, "आपोआप" या शब्दावर मला थांबायचंय, कारण इतिहासात ते आपोआप कधीच झालेलं नाही.

१८६९ साली स्कॉटलंडमधल्या एडिंबरा युनिव्हर्सिटीत सोफिया जेक्स-ब्लेक आणि तिच्या मैत्रिणी अशा सातजणींनी मेडिकलला नाव घातलं, त्यातल्या एडिथ पीचीने केमिस्ट्रीत पहिल्यांदाच परीक्षेला बसलेल्यांमध्ये सगळ्यात जास्त मार्क मिळवले. त्यावर मिळणारी स्कॉलरशिप तिला न देता खालच्या नंबरच्या मुलांना दिली. नोव्हेंबर १८७० मध्ये या मुली अॅनाटॉमीच्या परीक्षेला गेल्या तर दाराशी जमावाने चिखल फेकला, आणि परीक्षा चालू असताना हॉलमध्ये मेंढी सोडली. एवढं सोसून डिग्री मिळालीच नाही. १८७६ ला पार्लमेंटचा कायदा आल्यावर बायकांना लायसन्सची वाट मोकळी झाली, म्हणजे तेव्हाही कुणाला तरी जाऊन मागावं लागलंच. युनिव्हर्सिटीने त्या सातजणींना मानद डिग्री दिली ती २०१९ मध्ये. दीडशे वर्षांनी!

आणि एकदा मिळालेलं हातातून जातंही. अमेरिकेत १९१० मध्ये फ्लेक्सनरचा रिपोर्ट आला, मेडिकल शिक्षणाचा दर्जा सुधारण्यासाठीच होता तो, पण त्यानंतर पैसा नसलेली कॉलेजं बंद पडत गेली, त्यात बायकांची गेली आणि कृष्णवर्णीयांच्या सातपैकी दोनच उरली, हॉवर्ड आणि मेहारी. आधी पन्नासएक वर्षं ज्या दारांनी बायका आत येत होत्या ती दारंच मिटली. उरलेल्या कॉलेजांत मुलींच्या जागा मोजक्या ठेवायची पद्धत शिक्षणात स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी घालणारा १९७२ चा कायदा येईपर्यंत चालूच होती. वेळ भरपूर दिला गेला होता की.

सरळरेघ

सगळं वाचलं, वाईट वाटलं, पण हा दीडशे आणि शंभर वर्षांपूर्वीचा हिशोब आहे. आजचं बोला.

ओंजळ

आजचंच घ्या. २०१८, तोक्यो मेडिकल युनिव्हर्सिटी. प्रवेश परीक्षेत मुलींचे मार्क गुपचूप कापत होते, कित्येक वर्षं. कारण काय दिलं, तर मुली लग्न-मुलं झाली की काम सोडतात, मग हॉस्पिटलला डॉक्टर कमी पडतात. ही भानगड उघडी पडल्यावर पुढच्या वर्षी मार्क न कापता परीक्षा झाली तेव्हा मुलींचं पास व्हायचं प्रमाण मुलांच्या बरोबरीला आलं, किंचित वरच.

टाका_दोरा

मी स्वतः बाई आणि सर्जन, आणि मी या धाग्याच्या विरुद्ध बाजूने बोलणार आहे.

आभाळवेडी, तुमचा हेतू चांगला आहे पण असे नियम कागदावर आले की नेमणूक करणारा माणूस मनातल्या मनात गणित करतो. मुलगी घेतली तर सहा महिने नाइट नाही, मुलगा घेतला तर ही कटकट नाही. ओंजळने सांगितलेल्या तोक्योत तेच गणित झालं ना? मी सातव्या महिन्यापर्यंत ऑपरेशन थिएटरमध्ये उभी राहिले, पाय सुजायचे, क्रॉक्समध्ये मावायचे नाहीत, पण एकाही केसला मला कोणी बदली माणूस दिला नाही आणि मी मागितलाही नाही. त्यामुळे आज माझ्या युनिटमध्ये मला कोणी "लेडी सर्जन" म्हणत नाही, सर्जन म्हणतात. हे मी कमावलंय. सवलत मागायला सुरुवात केली की हे कमावलेलं जातं असं मला मनापासून वाटतं.

ऑपरेशनमध्ये टाके मारायच्या स्टेपलरचं हँडल माझ्या हातात मावत नाही, दोन्ही हातांनी दाबावं लागतं. तक्रार करत बसले नाही, सराव केला.

आभाळवेडी

टाका_दोरा, तुम्ही सोसलंत त्याबद्दल मनापासून आदर आहे, आणि हे लिहिताना मला जड जातंय. पण त्या हँडलचंच बघा ना. तुमचा हात छोटा आहे ही तुमची उणीव नाहीये, ते हँडल बनवताना समोर मोठाच हात धरला होता. तुम्ही सराव करून निभावलंत, पण तुमच्यानंतर येणारी प्रत्येक मुलगी तोच सराव पहिल्यापासून करणार, आणि तेवढ्या काळात कोणीतरी म्हणणार की हिचा हात बसत नाही अजून. एका ओळीची मागणी कंपनीकडे गेली असती तर? अर्थात तुम्ही एकट्याने केली असतीत तर कोणी विचारलं नसतं हेही मला माहितेय, म्हणून तर चौघींनी मिळून बोलायचं.

नेमणुकीच्या गणिताचं म्हणाल तर ते नियम नसतानाही होतंय. तोक्योत कुठला सवलतीचा नियम होता म्हणून मार्क कापले असं नव्हतं, नुसता अंदाज होता मुलींबद्दल.

खडूफळा

पंचवीस वर्षं फार्माकॉलॉजी शिकवतोय म्हणून औषधांच्या ट्रायलबद्दल थोडं. इथे नेहमी असं बोललं जातं की बायकांना मुद्दाम डावललं. हे अर्धंच खरं आहे. औषधांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने १९७७ मध्ये सांगितलं की मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना सुरुवातीच्या ट्रायलमध्ये घेऊ नका. ते आलं थॅलिडोमाइडच्या धक्क्यातून. १९५० च्या दशकाच्या शेवटी गरोदर बायकांनी उलट्यांसाठी ते घेतलं आणि जगभरात दहा हजारांच्या वर मुलं व्यंग घेऊन जन्माला आली. त्या काळात नियम करणाऱ्यांच्या जागी मी असतो तर मीही कदाचित हेच केलं असतं. प्रत्येक जुन्या निर्णयात द्वेष शोधणं मला पटत नाही, विद्यार्थ्यांनाही मी हेच सांगतो.

आभाळवेडी

सर, द्वेष होता असं मीपण म्हणत नाही. पण अमेरिकेत थॅलिडोमाइड अडवलं कोणी? फ्रान्सिस केल्सीने. एफडीएत नवीनच लागली होती, कंपनी सारखी मागे लागलेली, आणि ही म्हणत राहिली की सुरक्षिततेचा पुरावा पुरेसा नाही, आणखी आणा. म्हणजे त्या प्रकरणाचा धडा होता नीट तपासा, आणि आपण घेतला तो बायकांवर तपासूच नका.

तपासलं नाही म्हणून बायका औषध घ्यायच्या थांबल्या का? धोका ट्रायलमधून उचलून घराघरात नेऊन ठेवला, जिथे मोजायलाही कोणी नाही. झोल्पिडेमचं उदाहरण तुम्ही वर्गात देतच असाल. झोपेची गोळी, अमेरिकेत १९९२ ला मंजूर झाली. बायकांच्या रक्तात ती सकाळपर्यंत जास्त उरते, गाडी चालवताना धोका, म्हणून बायकांचा डोस १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणला तो २०१३ मध्ये. वीसएक वर्षं बायका आदल्या रात्रीच्या गोळीच्या गुंगीत गाडी चालवत कामावर जात होत्या. बायकांना ट्रायलमध्ये न घेण्याचा १९७७ चा तो नियम १९९३ ला मागे घेतला आणि सरकारी पैशाच्या संशोधनात बायका घ्यायलाच हव्यात असा कायदाही झाला, तोही बायकांनी, आतल्या आणि बाहेरच्या, लावून धरल्यावर.

खडूफळा

झोल्पिडेम मान्य. देतो मी ते उदाहरण, पण डोसच्या तक्त्यात एक ओळ म्हणून. गुंगीत गाडी चालवणाऱ्या बाईपर्यंत माझा विचार गेला नव्हता.

चाकांवरची

तुम्ही सगळे डॉक्टर, मी पेशंट. व्हीलचेअरवर आहे. मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेला, गेले तर मशीन माझ्या उंचीपर्यंत खाली येईना, टेक्निशियन म्हणाली जरा उभ्या राहाल का दोन मिनिटं. उभी राहता आलं असतं तर खुर्ची कशाला आणली असती. पोटाची तपासणी खुर्चीवरच उरकली कारण तपासणीच्या टेबलवर चढवायला माणूस नव्हता, आणि पेपरवर लिहिलं "तपासणी नॉर्मल". ते "नॉर्मल" मी आजही ठेवलंय जपून.

बायकांसाठी बोलताना कुठल्या बायका तुमच्या डोळ्यासमोर असतात ते एकदा बघा प्लीज. बाळंतपणात मरणाऱ्या बायका २०२३ मध्ये जगभरात साधारण २ लाख ६० हजार होत्या आणि त्यातल्या दहापैकी नऊहून जास्त गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या. त्यांना सर्जरीतल्या स्टेपलरचं काय.

रात्रपाळी

चाकांवरची ताई, अगदी बरोबर बोललात. मी नर्स आहे, सोळा वर्षं. वरचं सगळं वाचलं, त्यात रेसिडेंट आहेत, सर्जन आहेत, प्रोफेसर आहेत, नर्स हा शब्द एकदाही आला नाही. जगात नर्सिंगमध्ये दहात जवळजवळ नऊ बायकाच आहोत आम्ही. डब्ल्यूएचओच्या आकड्यांत आरोग्य क्षेत्रात काम करणाऱ्यांत बायका ६७ टक्के, मोठ्या पदांवर २५ टक्के, आणि पगारात पुरुषांपेक्षा साधारण २४ टक्के कमी. सरळरेघ म्हणतात तसं नव्या बॅचेस वर सरकल्या की बदलेल तर आमच्यात तर पहिल्यापासून बायकाच होत्या, आम्ही का नाही सरकलो वर?

मी आठव्या महिन्यात नाइट केलीय, एकटीने तीस पेशंट. पेशंटला कुशीवर वळवताना पोटात कळ आली तेव्हा मदतीला दुसरं माणूस नव्हतं, कॉटच्या दांड्याला धरून उभी राहिले, कळ गेली, पुढच्या पेशंटचं सलाइन बदललं.

सरळरेघ

रात्रपाळी, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. नर्सिंगचं मी धरलंच नव्हतं, माझा मुद्दा तिथे लागू होत नाही हे कबूल.

पण नाइटच्या बाबतीत मी माझं म्हणणं सोडत नाही. सुटलेली नाइट बरोबरच्यावर ढकलणार असाल तर माझा विरोध आहे आणि राहील, कारण मग त्या मुलीबद्दल बॅचमध्ये राग साठतो, माझ्याही मनात होता, तिची काही चूक नसताना. नियमात असं लिहा की तेवढ्या काळासाठी जादा माणूस नेमायचा आणि पैसे हॉस्पिटलने द्यायचे. ते जमणार असेल तर मी सही करतो.

टाका_दोरा

जादा माणूस मिळाला असता तर मी घेतला असता का? रात्रपाळी यांचं वाचल्यापासून हाच विचार करतेय. माहीत नाही. पण विचारणारं कोणी असतं तर बरं झालं असतं. नियमाला माझा विरोध अजून आहे, पण कमी झालाय.

आभाळवेडी

सरळरेघ, जादा माणसाची अट मला मान्य आहे, खरं तर माझ्या मसुद्यात ती नव्हती आणि असायला हवी होती. पुढच्या मीटिंगला पहिलीच ओळ तीच टाकते. सर हसले तर हसू देत, या वेळी मी विषय सोडणार नाही.

रात्रपाळी

मसुद्यात रेसिडेंटच्या पुढे स्वल्पविराम देऊन "नर्स" लिहा. नंतर बघू म्हणू नका, नंतर कधी होत नाही.