कुरळे केस : न्हाल्यापासून वाळेपर्यंतचे हाल

गच्चीवरची

परवा शाळेच्या ग्रुपवर कोणीतरी १९९६ चा, दहावीच्या निरोप समारंभाचा फोटो टाकला. सगळ्या मुलींचे केस तेल लावून चापूनचोपून बसवलेले, आणि दुसऱ्या रांगेत डावीकडे एक डोकं, ज्याच्या कपाळावर चार बोटांची एक बट ताठ उभी. खाली लगेच "ही अँटेना कोण?" सुरू झालं. कोणालाच आठवेना. मला सगळं आठवतं.

आदल्या रात्री ताईने मला सतरंजीवर आडवं केलं, केस पाटावर पसरले, वर वर्तमानपत्र ठेवलं आणि कपड्यांची इस्त्री फिरवली. काटा 'सुती'वर. केस संध्याकाळीच धुतलेले, आत ओल होतीच. चर्रर्र झालं, वाफ आली आणि पाठोपाठ तो वास. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "काय करपलं गं?" ताई म्हणाली, "पापड." पुढची बट इस्त्रीलाच चिकटून गेली. उरलेला ठोंब दुसऱ्या दिवशी पाणी, तेल, साखरेचं पाणी, कशालाच बधला नाही.

हे आत्ता निघायचं कारण म्हणजे लेक. सतरा वर्षांची, केस माझेच, कमरेपर्यंत. डिसेंबरात मावसबहिणीचं लग्न आहे, त्याआधी तिला स्मूदनिंग करायचंय, म्हणजे पार्लरमध्ये रसायनं लावून केस सरळ. मी नाही म्हटलं नाही. म्हटलं, एक पावसाळा माझ्या पद्धतीने वाळवून बघ, मग ठरव.

माझी पद्धत म्हणजे रविवारचं न्हाणं. गुंता न्हाणीघरातच सोडवायचा, कंडिशनर लावलेलं असताना, टोकांकडून वर. बाहेर आल्यावर कंगवा नजरेलाही पडता कामा नये. टॉवेलने खसाखसा पुसणं बंद. केसांतून पाणी ठिबकत असतानाच जेल लावायचं आणि लाडू वळताना मूठ दाबतो तसं खालून वर दाबत जायचं. मग जुन्या सुती टीशर्टात डोकं गुंडाळून वीसेक मिनिटं. मग मोकळे. आणि मग सगळ्यात अवघड काम, हात न लावणं. जेल वाळलं की केस शेवयांसारखे कडक होतात. घाबरायचं नाही. मुळापर्यंत वाळले की तळहाताला थेंबभर तेल चोळून हलकेच चुरायचे, मऊ होतात. अर्धवट ओले असताना बोटं घातली की कापूस पिंजला म्हणून समजा.

एप्रिलात गच्चीवर दीड तासात काम होतं. आत्ता ह्या पावसात पाच तासांनीसुद्धा मानेजवळ ओल. सोमवारी सकाळी सातपूरला पोचायचं असलेल्या बाईकडे पाच तास कुठून येणार? तुम्ही काय करता ते लिहा. फजिती असेल तर आधी ती लिहा.

खमंग

पापड!!! मेले हसून. आमच्याकडे कोळशाची इस्त्री होती म्हणून वाचले, नाहीतर मीही केलं असतं.

रविवार_कारंजा

कुरळ्या केसांची माणसं हट्टी असतात असं माझी आत्या म्हणायची. तिचे स्वतःचे कुरळे.

दोन_वेण्या

लेक सात वर्षांची. शाळेत दोन वेण्या सक्तीच्या, वर रिबिनी. रोज सकाळी पावणेसातला आमच्याकडे रडारड आणि खालच्या मजल्यावरून "सगळं ठीक आहे ना?" आता रात्रीच फवाऱ्याच्या बाटलीत पाणी आणि चमचाभर कंडिशनर घालून ओले करते, बोटांनी सोडवते आणि सैल वेणी घालून झोपवते. सकाळी नुसतं वरवर बसवायचं. गुंता वरून ओढायचा नाही हे मला कोणी सांगितलं नव्हतं, सहा वर्षं मी पोरीला उगाच रडवलं.

आणि शाळेतून चिठ्ठी आली होती, "केस व्यवस्थित बांधून पाठवावेत." बाई, बांधलेच होते हो. दुपारपर्यंत ते सुटले त्याला मी काय करू.

जावळ

कोंड्यासाठी काय करता?

सासू_सून_साडी

जेल बाजारातून आणत असाल तर थांबा. जवस घ्या. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचं. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटायला लागली की लगेच उतरवायचं आणि गरम असतानाच ओढणीतून गाळायचं. गार झालं की गाळताच येत नाही, मी एकदा फोन घ्यायला गेले तर पातेल्यात नुसता चिकट गोळा. जवसासकट फेकला. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, आंबूस वास आला की टाकून द्या.

आता फजिती. वाडगा फ्रिजमध्ये होता. सासूबाईंना वाटलं मी साबुदाण्याची खळ करून ठेवलीय. त्यांनी पाण्यात कालवून दोन सुती साड्या त्यात बुडवल्या आणि वाळत घातल्या.

खमंग

खळ बसली का??

सासू_सून_साडी

मस्त बसली. सासूबाई खूश. नेसल्यावर मात्र दिवसभर म्हणत होत्या, चटणीचा वास कुठून येतोय.

चंद्रकोर

माझ्या डोक्यावर आता एकही केस नाही त्यामुळे वाळवायचा प्रश्न मिटला. टॉवेलचा एक कोपरा पुरतो. बायकांनो, चालू द्या.

गच्चीवरची

@चंद्रकोर, तुमचा सल्ला सगळ्यात कमी खर्चाचा :-)

@दोन_वेण्या, आमच्या वेळी बाई स्वतः तेलाची बाटली घेऊन यायच्या. बरं आहे, आता चिठ्ठीवर भागतं.

पाथर्डी_फाटा

सगळे जेल जेल करताय, पाण्याचं कोणी बोलत नाही. आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी. बादलीला पांढरा थर, नळाच्या तोंडाला पांढरा थर, तर केसांवर बसत नसेल का? माहेरी नळाच्या पाण्याने न्हाले की बटा आपोआप पडतात. इथे तेच शाम्पू, तेच कंडिशनर आणि डोक्यावर काथ्या. क्षार साठले की कंडिशनर नीट लागतच नाही. आता शेवटचे दोन तांबे फिल्टरच्या पाण्याचे घेते. नवरा म्हणतो, प्यायचं पाणी डोक्यावर ओततेस. ओतते. महिन्यातून एकदा तांब्याभर पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घालून ते ओतायचं आणि धुऊन टाकायचं. व्हिनेगरच्या दिवशी मला वडापाव खावासा वाटतो, का ते माहीत नाही.

इंदिरानगरची_मी

टीशर्टबद्दल एक सूचना. निवडणुकीच्या प्रचारात वाटलेला टीशर्ट वापरू नका. आमच्याकडे तोच हाताशी होता. पॉलिस्टर. पाणी शोषलं नाहीच, सगळं मानेवरून पाठीत. पक्षाचं नाव सांगत नाही, सगळ्यांचं कापड सारखंच असतं.

रविवार_कारंजा

हाहाहा +१

प्रयोगवही

इस्त्रीने झालं काय आणि रविवारी होतं काय, दोन्हीचं मूळ एकच. केसांतल्या प्रथिनात हायड्रोजनचे नाजूक बंध असतात. पाणी लागलं की ते सुटतात, वाळताना पुन्हा जुळतात, आणि केस त्या वेळी ज्या आकारात असेल तोच आकार धरतो. म्हणून वाळताना हात लावायचा नाही. बटेतले केस एकमेकांना धरून वाळले तर बट होते, विस्कटले तर प्रत्येक जण आपापल्या दिशेने वाळतो. पावसाळ्यात हवेतली वाफ हेच बंध दिवसभर थोडे थोडे सोडत राहते, त्यामुळे सकाळी केलेलं दुपारी फुगतं.

दुसरे बंध गंधकाचे. ते पाण्याला दाद देत नाहीत. रीबाँडिंगची, म्हणजे केस कायमचे सरळ करायची रसायनं ते तोडतात, म्हणून ते धुऊन जात नाही आणि परतही येत नाही. आणि ओल्या केसांवर तापलेलं काहीही लावलं की आतल्या पाण्याची तिथल्या तिथे वाफ होते, केस आतून फुटतो. तुमचा चर्रर्र तोच.

जेलच्या बाटलीमागे ग्लिसरीन अगदी वरच्या नावांत असेल तर ती बाटली ह्या महिन्यांत बाजूला ठेवा. ते हवेतलं पाणी ओढून घेतं.

खमंग

सर तुम्ही कॉलेजात शिकवता का?

प्रयोगवही

मॅडम. आणि हो.

पंचवटीची_पोर

कोणी रहाडीत, म्हणजे आपल्या जुन्या नाशकातल्या रंगपंचमीच्या रंगाच्या हौदात, उडी मारलीय का कुरळ्या केसांनी?? मी गेल्या रंगपंचमीला तिवंध्याला. आधी तेल थापलं, वर घट्ट अंबाडा, वर रुमाल. पाण्यात पडल्या पडल्या रुमाल गेला, मग अंबाडा गेला. फुलापानांचा रंग उकळून करतात म्हणून निघेल वाटलं. कसला निघतोय. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवापर्यंत टोकं पिवळी. पण पुढच्या वर्षी परत जाणार.

जुना_वाडा

@पंचवटीची_पोर, आमच्या वडिलांच्या वेळी धप्पा मारायलाच लांबून पोरं यायची. त्या उडीला धप्पा म्हणतात, उडी नाही. केसांबद्दल मला काही कळत नाही, पण रहाडीबद्दल बरोबर लिहा.

पंचवटीची_पोर

धप्पा. सॉरी काका.

सहा_इंच_कमी

स्मूदनिंगचं विचारलंय म्हणून लिहिते, नाहीतर मी वाचूनच निघून जाते. मी केलं होतं, बहिणीच्या लग्नाआधी. चार महिने स्वर्ग. सकाळी उठायचं, कंगवा, निघायचं. मग मुळातून माझे खरे केस यायला लागले. महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर. वर स्प्रिंगा, खाली झाडूच्या काड्या, आणि मधे जिथे दोन्ही जुळतात तिथे तुटायचे. वर्षभर हे सहन केलं आणि शेवटी कापायला गेले.

तिथे दुसरी फजिती. कापणाऱ्या ताईंनी केस ओले करून, ताणून, सरळ रेषेत कापले. मी म्हटलं खांद्यापर्यंत. ओले असताना खांद्यापर्यंतच होते. वाळले आणि कानापर्यंत चढले. वर त्यांनी ब्रश घेऊन कोरडे विंचरले, फुगवण्यासाठी. घरी गेले तर मुलाने दार उघडलं आणि परत लावलं.

कुरळे केस कोरडे असताना, बटेबटेने कापून घ्यायचे. न ऐकणाऱ्याकडून उठून यायचं. मी उठले नाही, पैसे देऊन "छान" म्हणून आले.

लेकीला हे वाचायला द्या हवं तर. पण तिने तरीही केलं तर बोलू नका. मला आई अजून बोलते.

गच्चीवरची

@सहा_इंच_कमी, दिलं वाचायला. शेवटच्या ओळी तिने दोनदा वाचल्या आणि माझ्याकडे बघितलं.

जावळ

कोंड्यासाठी काय करता ते सांगा ना कोणीतरी.

नाईट_शिफ्ट

अंबडला कंपनीत आहे, केस खांद्याखाली. मुलगा आहे, आधीच सांगतो. हेल्मेट हा आमचा खरा शत्रू. ओल्या केसांवर हेल्मेट घातलं की वरून सपाट आणि कानाखाली झालर. मी रात्री न्हातो, डिफ्यूजर लावतो. ते ड्रायरच्या तोंडाला बसवायचं जाळीचं वाडगं असतं ना, ते. गरम कमी, वारा कमी, केस वाडग्यात घेऊन डोक्याशी धरायचे आणि हात स्थिर. ड्रायर हलवला की संपलं. पूर्ण वाळवत नाही, बारा आणे झाले की थांबतो. बाकी पंख्याखाली. मग सगळे डोक्यावर गोळा करून सैल बांधतो, अननसासारखं दिसतं, आणि उशीला आईची जुनी रेशमी साडी. हेल्मेटखाली त्याच साडीचा तुकडा.

आईला साडीचं माहीत आहे. तुकड्याचं नाही.

खमंग

ह्या धाग्यावर साड्यांचं काही खरं नाही.

इगतपुरी_लोकल

तुम्ही नाशिकवाले पावसाला नावं ठेवताय. आमच्याकडे या. जूनमध्ये बांधलेला बुचडा मी नवरात्रात सोडते.

ओटी_पोटी

पेशंटसारखं वाचतेय सगळं. बाळंतपणात आजीने केस धुरीवर वाळवले होते. शेगडीत निखारे, त्यावर ऊद, वर पालथी टोपली, त्यावर केस पसरून मी बाजेवर आडवी. ओल हां हां म्हणता गेली आणि बटा अशा पडल्या की नंतर कधी पडल्या नाहीत. पण खरं सांगते, खोलीभर धूर, बाळ खोकायला लागलं, डॉक्टरांनी आईला झापलं. दुसऱ्या दिवसापासून बंद. वास मात्र हवासा वाटतो अजून. शिकेकाईचं कौतुक मला नाही, माझे केस तिने काड्यांसारखे कोरडे व्हायचे. आजीला हे बोलायची टाप नव्हती.

गच्चीवरची

शिकेकाईबद्दल मीही गप्प बसले होते, कोणीतरी बोललं एकदाचं.

काल रात्री लेकीने @नाईट_शिफ्ट यांची पद्धत केली, डिफ्यूजर शेजारणीकडून. मधेच वीज गेली. डावी बाजू झालेली, उजवी ओली. तशीच अननस बांधून झोपली. सकाळी डावीकडे सुरेख लांब बटा, उजवीकडे पिंजारलेलं. आरशासमोर अर्धा तास उभी होती, एकदा हा गाल, एकदा तो. मग कॉलेजला उजवी बाजू पिनेने मागे घेऊन गेली. स्मूदनिंगचं बोलली नाही, पण सोडलंय असंही म्हणाली नाही. संध्याकाळी मला विचारते, "ताई मावशीने इस्त्री नेमकी कशी धरली होती?" मी इस्त्री कपाटात ठेवून कुलूप लावलंय.

आणि जवस आणलेत पाव किलो. वाडग्यावर चिठ्ठी चिकटवणार आहे, "ही खळ नाही."

सासू_सून_साडी

मोठ्या अक्षरात लिहा. आमच्याकडे चष्मा नव्हता लावलेला.

जावळ

कोंडा???

जुना_वाडा

अहो, त्यांना कोणीतरी कोंड्याचं सांगा. तीन दिवस विचारतायत.

चंद्रकोर

माझा उपाय चालेल का त्यांना?