शब्दचर्चा: दहा लिलांगेनी, दहा एमालांगेनी की दहा लिलांगेन्या?

पाटीपेन्सिल:
नोटासंग्रहावरच्या एका लेखाचं संपादन करतेय. विषय आफ्रिकेतला इस्वातिनी हा देश, म्हणजे पूर्वीचा स्वाझीलँड. लेखकाने एका ओळीत '१० लिलांगेनीची नोट' लिहिलंय आणि पुढच्याच ओळीत '५० एमालांगेनीची नोट'. वाचकाला वाटेल, चलनं दोन आहेत. एकच रूप ठेवायचं तर कोणतं? आणि शब्दाचं लिंग काय धरायचं?

जुनीनोट:
चलन एकच. लिलांगेनी हे एकवचन, एमालांगेनी हे अनेकवचन. स्वाती भाषेत वचन शब्दाच्या शेपटाला नसतं, तोंडाला असतं. 'लि' काढून 'एमा' लावलं की झालं अनेकवचन. माणसांचंही तसंच: एक लिस्वाती, अनेक एमास्वाती, आणि त्यांची भाषा सिस्वाती.

आता गंमत बघा. १९७४ साली हे चलन आलं तेव्हा पहिल्या मालिकेत १ लिलांगेनीची नोट होती. पुढे तिची जागा नाण्याने घेतली. आज नोटा १०, २०, ५०, १०० आणि २०० च्या, म्हणजे सगळ्या अनेकवचनी. एकवचन उरलं ते फक्त १ च्या नाण्यापुरतं. तेव्हा त्या देशाच्या हिशेबाने '१० लिलांगेनीची नोट' हे 'दहा रुपयाची' म्हणण्याइतकं किरकोळ नाही. 'दहा माणूस आला' म्हटल्यासारखं ते कानाला लागतं.

संक्षेपातही हाच प्रकार. आपलं 'रु.' एका रुपयालाही चालतं आणि शंभर रुपयांनाही, कारण आपला फरक शेवटच्या 'या' आणि 'ये'मध्ये आहे. तो संक्षेपात आपोआप गळून जातो. तिकडे पहिलं अक्षरच बदलतं, म्हणून एकाला 'एल' आणि बाकी सगळ्यांना 'ई'. दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठीवर 'ई' दिसतो. आंतरराष्ट्रीय संकेतात मात्र 'एसझेडएल' आहे. त्यातला 'एल' एकवचनाचा, आणि 'एसझेड' जुन्या स्वाझीलँडचा. २०१८ मध्ये राजे तिसरे म्स्वाती यांनी देशाचं नाव बदललं, संकेत तसाच राहिला.

जवळच्या लेसोथो या देशातही हीच रचना: एक लोटी, अनेक मलोटी, आणि किमतीपुढे 'एम'. हे नाव तिथल्या मलोटी डोंगररांगेवरून आलंय. (दक्षिण आफ्रिकेचा रँडही विटवॉटर्सरँड या डोंगरधारेवरून. म्हणजे शेजारी-शेजारी दोन देशांचे पैसे डोंगरांच्या नावाचे.) तिथेही नोटा १० पासून सुरू होतात. २०१० च्या मालिकेत नोटेवर एक नाही, तीन राजे आहेत: पहिले मोशोएशोए, दुसरे मोशोएशोए आणि सध्याचे तिसरे लेत्सी. उच्चार मोशवेश्वे असा काहीसा. वस्तऱ्याच्या आवाजावरून पडलेलं नाव आहे ते, शत्रूची गुरं दाढी केल्यासारखी सफाचट पळवली म्हणून!

शुद्धलेखनकर:
जुनीनोट यांची माहिती छान, पण मराठी वाक्य मराठी व्याकरणानेच चालणार. आपण 'रेडिओज' म्हणत नाही. माझ्या मते मूळ एकवचन घ्यावं आणि पुल्लिंग धरावं. ईकारान्त पुल्लिंगी नाम अनेकवचनात बदलत नाही: एक हत्ती, दहा हत्ती. तसंच एक लिलांगेनी, दहा लिलांगेनी. स्त्रीलिंग धरलंत तर नदी-नद्यांच्या वाटेने 'दहा लिलांगेन्या' करावं लागेल.

घागरगडू:
आणि लेसोथोत दहा लोट्या! पाण्याने भरून द्या.

शुद्धलेखनकर:
हसा, पण पावली, चवली, अधेली, पुतळी, मोहोर या सगळ्या स्त्रीलिंगीच. पावल्या, पुतळ्या, मोहरा ही रूपं रोजच्या वापरात होती. लोट्या आत्ता विचित्र वाटतात, कारण घरात दुसरी लोटी आहे.

पाटीपेन्सिल:
लोट्या नकोतच. पण सरसकट एकवचन ठेवलं तर नोटेचं छायाचित्र छापताना अडचण आहे. नोटेवर 'एमालांगेनी' छापलंय आणि खाली मथळ्यात 'लिलांगेनी'.

जुनीनोट:
म्हणूनच मी मूळ जोडी ठेवण्याच्या बाजूचा. लेखाच्या सुरुवातीला एक वाक्य टाका, पुढे वाचक सांभाळून घेतो. देशाच्या नावातही मूळ प्रत्यय आपण मुकाट्याने घेतलेच आहेत. इस्वातिनी म्हणजेच 'स्वातींच्या ठिकाणी'. त्यावर आपण 'इस्वातिनीत' लिहितो तेव्हा सप्तमीवर सप्तमी चढवतो. कोणाचं काही बिघडलं नाही.

पाटीपेन्सिल:
पटलं. जोडी ठेवते, दोन्ही पुल्लिंगी. दुसरी शंका: लेखात 'हे चलन रँडशी समतुल्य आहे' असं आहे. फार सरकारी वाटतं.

औरंगपुरा:
'बट्टा लागत नाही' म्हणा. सराफाकडे एका टांकसाळीचा रुपया देऊन दुसरीचा घेताना जो कापला जायचा तो बट्टा. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे नाना रुपये चालत होते तेव्हा हा शब्द पोटापाण्याचा होता. लिलांगेनी आणि लोटी दोन्ही रँडशी एकास एक बांधलेले, म्हणजे बिनबट्ट्याचे.

आमच्या मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना हे चित्र लगेच कळेल. निजामाचा हाली सिक्का वेगळा, त्याच्या नोटाही वेगळ्या, आणि बाहेरचा इंग्रजी रुपया तो कलदार. सहा कलदारांना सात हाली असा साधारण भाव. घरात दोन्ही असायचे आणि कोणता कुठे खपवायचा याचं भान बायामाणसांनाही पक्कं असायचं.

जुनीनोट:
वा! पण एक दुरुस्ती हवी. 'बट्टा लागत नाही' हे इस्वातिनीच्या आत खरं. तिथे गल्ल्यात रँड आणि एमालांगेनी एकत्र पडलेले असतात, सुटे देताना कोणी निवडत बसत नाही. हद्द ओलांडून दक्षिण आफ्रिकेत गेलात की रँडच लागतो. एमालांगेनी किंवा मलोटी तिथे कायदेशीर चलन नाहीत. म्हणून प्रवासी परतताना ते आधी संपवून टाकतात. 'समतुल्य' शब्दात हा एकतर्फीपणा कुठेच दिसत नाही.

पाटीपेन्सिल:
मग असं करते: 'राज्यात रँड आणि एमालांगेनी बिनबट्ट्याने चालतात, सीमेपलीकडे मात्र रँडच चालतो.'

औरंगपुरा:
चालेल. कलदारच तो!

शुद्धलेखनकर:
लेसोथोची चौकट देणार असाल तर लोटीचा शंभरावा भाग 'सेंटे', अनेकवचन 'लिसेंटे' लिहाल. तिथल्या लेखनपद्धतीत 'लि' लिहिलं तरी उच्चार 'डि' होतो. त्यामुळे 'डिसेंटे' लिहावं असं मला वाटतं.

जुनीनोट:
मग उच्चाराप्रमाणे 'लेसोथो'चंही 'लेसूतू' करणार का?