रोजचं जगणं चित्राला पुरतं का? (तीन टोपणनावांनी झालेली चर्चा)

ओला कुंचला
गेले सोळा दिवस मी एक टॉवेल रंगवतोय. दारामागे खुंटीला अडकवलेला, पांढरा, खालून अजून ओला. परवा एका मित्रानं कॅनव्हासकडे बघून विचारलं, "दुसरा विषय नाही मिळाला?" तेव्हापासून हे मांडावंसं वाटत होतं.

त्या टॉवेलमध्ये नुसता पांढरा रंग कुठेच नाही. टायटॅनियम व्हाइट लावला की तो कागद वाटायला लागतो. ओल असलेल्या भागात अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळून एक राखाडी छटा सापडली आणि टॉवेल पहिल्यांदा जड झाला, खुंटीला ओढ बसल्यासारखा दिसू लागला.

माझं ठाम मत आहे की आजच्या चित्रकारानं विषयासाठी वणवण करायची गरज नाही. अँटोनियो लोपेझ गार्सिया या स्पॅनिश चित्रकाराचं १९६७ चं एक चित्र आहे. विषय काय, तर वॉशबेसिन आणि आरसा. समोर बघताना दिसणारा आरसा आणि मान खाली घातल्यावर दिसणारं बेसिन, या दोन्ही नजरा त्यानं एकाच चित्रात आणल्यात. रोज आपण तिथे उभे राहतो, पण आपली मान हलते हे कुणाच्या लक्षात येतं?

काळी रेघ
टॉवेलबद्दल जे लिहिलंत ते मनापासून पटलं, पण निष्कर्ष नाही पटला. लोपेझचं चित्र मोठं आहे ते त्या दोन नजरा जोडल्यामुळे. बेसिनचं त्यात काय श्रेय? आज 'रोजचं जगणं' ही पळवाट झालीये. मोबाइलवर खुर्चीचा फोटो काढायचा, प्रोजेक्टरनं कॅनव्हासवर टाकायचा, रेघा गिरवायच्या आणि खाली 'साध्या क्षणांचं सौंदर्य' लिहायचं. बघण्याचे कष्ट त्यात आहेतच कुठे?

आणि एक उदाहरण मला विसरता येत नाही. १९३७ च्या पॅरिसमधल्या प्रदर्शनात स्पेनच्या दालनासाठी पिकासोला मोठं चित्र करायचं होतं. एप्रिलमध्ये तो 'चित्रकार आणि मॉडेल' या स्टुडिओतल्याच विषयाची कच्ची रेखाटनं करत होता. २६ एप्रिलला स्पेनमधल्या गेर्निका या गावावर बाँब पडले. त्यानं तो विषय सोडून दिला आणि पावणेआठ मीटर रुंदीचं 'गेर्निका' जूनच्या सुरुवातीपर्यंत पूर्ण केलं. तो स्टुडिओतच रमला असता तर? चार भिंतींच्या आतलं चित्रकाराला पुरत नाही, असे दिवस येतात.

खिडकीपाशी
तुम्ही दोघंही 'रोजचं' हे चित्रकारानं निवडलेलं आहे असं धरून बोलताय. बर्थ मोरिझो या फ्रेंच चित्रकर्तीचं 'पाळणा' हे चित्र १८७२ चं आहे, इम्प्रेशनिस्ट म्हणजे प्रकाशाचे क्षणिक परिणाम टिपणाऱ्या चित्रकारांच्या १८७४ च्या पहिल्या प्रदर्शनात ते होतं. तिचे पुरुष सहकारी कॅफेत बसून चित्रं करू शकत होते, तिच्यासारख्या घरातल्या बाईला एकटीनं तसं बसता येत नव्हतं. म्हणून घर. पाळण्याशेजारी बसलेली ती तिची बहीण एडमा. दोघी एकत्र चित्रकला शिकल्या होत्या, लग्नानंतर एडमाचं चित्र काढणं थांबलं. हे कळल्यावर मी ते चित्र पुन्हा बघितलं. गालाला टेकवलेला तो हात मला आता निवांत वाटत नाही. घरगुती विषय म्हणजे सुरक्षित विषय, हे मी कधीच मान्य करणार नाही.

ओला कुंचला
एडमाचं माहीत नव्हतं. आभार.

काळी रेघ, गेर्निकापुढे मी हट्ट करणार नाही. पण त्या चित्रात वर विजेचा बल्ब आहे, खिडकीतून दिवा धरलेला हात आहे, मेलेलं मूल मांडीवर घेतलेली आई आहे. बाँबची बातमी बाहेरून आली, ती सांगायला वस्तू घरातल्याच लागल्या. शिवाय रोजचं म्हणजे फक्त घर असं मी कुठे म्हटलं? सुधीर पटवर्धन २००५ पर्यंत ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करत होते आणि चित्रांत लोकल, रस्ते, कामगार येत राहिले. दवाखाना आणि कॅनव्हास यांच्यामधला रस्ताच त्यांचा विषय झाला.

काळी रेघ
पटवर्धनांचं मान्य. त्यांची माणसं नुसती दिसत नाहीत, त्यांचा थकवा खांद्यांत उतरलेला असतो. पण ते दुसऱ्यांच्या जगण्याकडे बघतात, स्वतःच्या खुंटीकडे नाही. माझा आक्षेप तिथेच आहे आणि तो मी सोडत नाही. एक सांगा, टॉवेल फोटोवरून करताय की समोर ठेवून?

ओला कुंचला
समोर ठेवून. रोज सकाळी तो भिजवतो, पिळतो आणि त्याच खुंटीला लावतो. आदल्या दिवशीच्या चुण्या परत कधीच मिळत नाहीत, आणि तासाभरात ओल वर सरकते. आज डावीकडचा खालचा कोपरा पूर्ण खरवडून काढलाय.