स्कायरिमची जादू: पळालेल्या देवाची की राहिलेल्यांची?

दादरकर

परवा आमच्या गेमिंग ग्रुपवर एकाने लिहिलं, ‘एल्डर स्क्रोल्स या गेम-मालिकेत जादू आहे कारण फँटसी गेममध्ये ती असतेच, उगमबिगम शोधण्यात अर्थ नाही.’ मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून हा धागा.

ज्यांनी या मालिकेतला नुसता स्कायरिम (२०११) खेळलाय आणि गेममधली पुस्तकं न वाचताच विकून टाकलीत, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लोरखान नावाच्या देवाने बाकीच्या देवांना मर्त्य जग घडवायला राजी केलं. आराखडा काढला मॅग्नसने. काम निम्म्यावर आल्यावर लक्षात आलं की या जगापायी देवांची स्वतःची शक्ती कायमची खर्ची पडतेय. मॅग्नसने काम टाकलं आणि आभाळ फाडून एथेरियसमध्ये, म्हणजे निखळ जादूच्या लोकात, निघून गेला. त्याने पाडलेलं भगदाड म्हणजे तिथला सूर्य. त्याच्या मागोमाग गेलेल्यांनी पाडलेली भोकं म्हणजे तारे. तिथून जे झिरपत राहतं ती मॅजिका, म्हणजे मंत्र टाकायला लागणारी शक्ती.

एवढी जबरदस्त कल्पना मला दुसऱ्या कुठल्या गेममध्ये सापडलेली नाही. ही शक्ती कुणी प्रसन्न होऊन दिलेली नाही. एक देव अर्धवट काम टाकून गेला, भगदाड बुजवायला कुणी आलं नाही, आणि त्यावर सगळे मांत्रिक जगताहेत. माझं मत स्पष्ट आहे: या जगातल्या जादूचा उगम हाच, आणि तो ठाऊक असेल तर विंटरहोल्ड शहरातल्या जादूच्या कॉलेजात शिकलेला साधा मंत्रही वेगळा वाटतो.

भांडुपकर

कथा उत्तम आहे, वाद नाही. पण गेम ती पाळतो का? माझ्या मते नाही.

स्कायरिममध्ये मॅजिका सेकंदाला साधारण ३ टक्के भरते, लढाईत तो वेग एक तृतीयांशावर येतो. भर दुपारी व्हाइटरन शहराच्या बाजारात उभे राहा किंवा जमिनीखाली ब्लॅकरीचमध्ये, जिथे आभाळच नाही, फरक शून्य. डॉनगार्ड या स्कायरिमच्या जोडभागात तर ऑरिएलच्या धनुष्यातून रक्ताने शापलेला बाण सोडून तुम्ही सूर्यच झाकता. दुसऱ्या दिवसापर्यंत आभाळ काळवंडतं. आणि मॅजिका? जशीच्या तशी भरत राहते! जो उगम झाकल्यावर काहीच बिघडत नाही, त्याला उगम कसं म्हणायचं?

मालिकेतल्या आधीच्या मॉरोविंडमध्ये (२००२) तर मॅजिका आपोआप भरतच नव्हती. झोपा किंवा औषध प्या. सूर्य तेव्हाही होताच की.

पार्लेकरीण

भांडुपकर, मुंबईत पाणी भातसा-वैतरणेतून येतं, पण तुम्ही बादली भरता ती सोसायटीच्या टाकीतून. त्या घटकेला धरणावर पाऊस पडतोय की नाही यावर तुमची आंघोळ अडत नाही. मॅजिकाचं तसंच आहे. ती सगळ्या जगात मुरलेली आहे, हवेत आहे, तुमच्या अंगात आहे. एक दिवस सूर्य झाकल्याने साठा आटत नाही.

आणि गेममध्ये पुरावे आहेतच. स्कायरिमच्या आधीच्या ऑब्लिव्हियनमध्ये (२००६) आयलीड लोकांच्या पडक्या नगरांत निळसर उजेडाचे वेलकिंड दगड मिळतात ना? हे प्राचीन एल्फ ताऱ्यांच्या प्रकाशाला सर्वांत पवित्र मानत आणि ते दगड उल्केच्या काचेपासून बनवत. दगड वापरला की मॅजिका भरते, आणि दगड संपतो. ताऱ्यातून जादू येते हे खेळाडूला यापेक्षा स्पष्ट काय दाखवायचं?

दुसरं म्हणजे व्हॅम्पायर. स्कायरिममध्ये उन्हात त्यांची मॅजिका भरायची थांबते. या प्रकाशाचं आणि मॅजिकेचं काही नातंच नसतं, तर नियम नुसता चटका बसण्यापुरता ठेवता आला असता.

भांडुपकर

व्हॅम्पायरचं पटत नाही, ताई. उन्हात त्यांचा जीव आणि दमही भरत नाही. तो शापाचा भाग आहे, मॅग्नसशी त्याचा संबंध जोडायला काही आधार नाही. वेलकिंड दगडाचं मात्र उदाहरण चांगलं आहे, आणि म्हणूनच चिडचिड होते. एका गेममध्ये जे हातात घेता येत होतं, ते पुढच्यात नाही. मिस्टिसिझम ही जादूची अख्खी शाखाही स्कायरिममध्ये काढून टाकली.

गिरगावकर

तुम्ही तिघं ज्या गेमचं नाव घेताय त्याची मुख्य शक्ती मॅजिका नाहीच, आणि याबद्दल अजून कुणी अवाक्षर काढलेलं नाही. थूम! ड्रॅगनांचा शब्द.

‘फुस रो दाह’ म्हणताना मॅजिकेचा निळा पट्टा तसूभर हलत नाही. थूमला सूर्य लागत नाही, तारे लागत नाहीत. लागतो अर्थ समजलेला शब्द आणि तो उच्चारणारा श्वास. दोन ड्रॅगन एकमेकांवर आग ओकतात तेव्हा त्यांच्या दृष्टीने तो वादविवाद चाललेला असतो. ही शक्ती माणसांकडे आली काइन या देवीमुळे. तिच्या सांगण्यावरून पार्थरनाक्स या ड्रॅगनने माणसांना शिकवलं, तेही ड्रॅगनांच्या जुलमाविरुद्ध उभं राहता यावं म्हणून.

आता नीट बघा. मॅग्नस पळाला. काइन राहिली, अकाटोश हा देव राहिला, आणि ड्रॅगन ही अकाटोशची लेकरं. म्हणजे या जगात दोन शक्ती आहेत: निघून गेलेल्याची आणि थांबलेल्यांची. दादरकर, तू पहिलीलाच ‘जादूचा उगम’ म्हणून मोकळा झालास.

शिवाय जग घडणं ही फसवणूक होती, नुकसान होतं, हा सूर कुणाचा? एल्फ लोकांचा. नॉर्ड, म्हणजे स्कायरिमची मूळची माणसं, लोरखानला शोर म्हणतात आणि आपला देव मानतात. एकाच घटनेला एक जमात घात म्हणते, दुसरी उपकार. मॅग्नसचं पळणं तू ज्या नजरेने सांगितलंस ती आल्टमरांची, म्हणजे एल्फांमधल्याच एका जमातीची, नजर आहे.

आणि नॉर्डांना मांत्रिकांचा राग का, हे विंटरहोल्डमध्ये उभं राहिलं की कळतं. चौथ्या युगाच्या १२२ व्या वर्षी बहुतांश शहर समुद्रात कोसळलं आणि कॉलेज मात्र कड्यावर शाबूत राहिलं. मी तिथला नॉर्ड असतो तर मीही त्या कॉलेजकडे संशयानेच पाहिलं असतं.

दादरकर

गिरगावकर, मुद्दा वजनदार आहे, पण मी मागे हटत नाही.

थूम ही थांबलेल्यांची देणगी असेल, पण पोचली किती जणांपर्यंत? डोंगरावरच्या हाय ह्रोथगार मठात सात हजार पायऱ्या चढून जा, आत थूम जाणणारे मोजके म्हातारे बसलेत. याउलट भगदाडातून येणारा प्रकाश कुणाची जात विचारत नाही. दहापैकी कुठलीही जमात निवडा, गेम सुरू होताना आगीचा आणि जखम भरण्याचा मंत्र प्रत्येकाला येतोच. नॉर्ड असलात तरी १०० मॅजिका मिळते, आल्टमरांना १५०. जादूला शिव्या देणाऱ्या नॉर्डाच्या अंगातही मॅग्नसचा प्रकाश आहेच. जगाचा उगम म्हणायचा तर जो सगळ्यांत वाहतो तोच.

आणि त्या प्रकाशाशी खेळलं की काय होतं तेही कॉलेजच्या कथेत आहे. सार्थालच्या पडक्या नगरातून काढलेल्या ‘मॅग्नसचा नेत्र’ या जादुई गोलावर अंकानो हा खलनायक ताबा मिळवायला जातो तेव्हा कॉलेजातल्या कुणाचाच मंत्र पुरा पडत नाही, लागतो तो मॅग्नसचाच दंड. तो दंड समोरच्याची मॅजिका ओढतो, ती संपली की जीव ओढायला लागतो. तिथे मला उगमाची ताकद हाताला जाणवली.

पार्लेकरीण

नेत्राच्या बाबतीत दादरकरशी सहमत. पण कथेच्या शेवटी सिजिक नावाच्या मांत्रिकांच्या पंथाची मंडळी येऊन तो घेऊन जातात, म्हणतात जग अजून तयार नाही. मला ते लेखकांनी अंग काढून घेतल्यासारखं वाटलं. उगम समोर आणून ठेवला होता, तर खेळाडूला त्याच्याशी काही करू द्यायचं होतं. मालिकेचा सहावा भाग २०१८ मध्ये जाहीर झालाय. त्यात ताऱ्यांप्रमाणे मंत्रांचा जोर बदलला तरी मला चालेल.

भांडुपकर

हे झालं तर माझा आक्षेप मागे. रात्री एक, दिवसा एक, गुहेत तिसरंच. तेवढं करा आणि मग खुशाल मॅग्नसचं नाव घ्या.

गिरगावकर

दादरकर, ‘मोजक्यांची देणगी’ हे मान्य नाही. हाय ह्रोथगारच्या त्या म्हाताऱ्यांपैकी, म्हणजे ग्रेबिअर्ड्सपैकी, एकही जण ड्रॅगनबॉर्न (जन्मतः ड्रॅगनचा आत्मा लाभलेला) नाही. बंडखोरांचा म्होरक्या उल्फ्रिकही नाही, तो त्यांच्याकडे राहून शिकला. त्यांच्या पंथाचा संस्थापक युर्गन विंडकॉलर रेड माउंटनच्या लढाईत हरला, सात वर्षं चिंतनात बसला आणि आवाज शस्त्र म्हणून वापरायचा नाही या निर्णयाला आला. वर्षानुवर्षं बसायची तयारी असलेल्या कुणालाही थूम येतो. लोक बसत नाहीत, त्याला काइन काय करणार?