ब्रेडसोबत घरगुती डिप आणि तेलं : लसणाचं तेल आधी करून ठेवता येईल का?

मृण्मयी_के

पुढच्या शनिवारी नणंदेचं डोहाळजेवण आहे. रात्री दहा-बारा जण घरीच राहतील. जेवणाआधी गप्पा मारताना खायला भाजलेला पाव, गाजर-काकडी आणि दोन-तीन डिप ठेवायचा विचार आहे. मेयोनीज नकोच.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, हमस (काबुली चण्यांचं डिप) घरी केलं की खरखरीत लागतं, लोण्यासारखं होत नाही. दुसरी, ऑलिव्ह तेलात सोललेला लसूण आणि हिरव्या मिरच्या घालून बरणी आत्ताच भरली आणि ओट्यावर ठेवली, तर शनिवारपर्यंत छान मुरेल ना? लोणचं मुरतं तशी?

खारीबुंदी

हमसचं सांगते. आम्ही दोह्यात राहतो, त्यामुळे घरात ते सतत असतं. वाटीभर काबुली चणे रात्री भिजवताना अर्धा चमचा खायचा सोडा घाला. सकाळी ते पाणी टाकून चणे धुवा आणि नव्या पाण्यात शिजवा. बोटांनी दाबल्यावर पीठ झालं पाहिजे, आपण उसळीला ठेवतो तेवढं अख्खं नको. मिक्सरमध्ये आधी अर्धी वाटी ताहिनी (तिळाचं वाटण), दीड लिंबाचा रस, लसणाची एक पाकळी आणि मीठ एवढंच फिरवा. ते घट्ट आणि पांढरं झालं की गरम चणे घाला आणि चमच्या-चमच्याने बर्फाचं पाणी सोडत राहा. ताहिनी मिळाली नाही तर पॉलिशचे पांढरे तीळ रंग न बदलता भाजा आणि कोमट असतानाच तेल सुटेपर्यंत वाटा.

जोंधळा

मृण्मयीताई, लसणाची ती बरणी ओट्यावर कृपा करून ठेवू नका. घरात गरोदर बाई आहे म्हणून मुद्दाम सांगतो, पण एरवीही नको.

लसूण मातीतून येतो आणि त्याच्यासोबत बोट्युलिझम ही गंभीर विषबाधा करणाऱ्या जिवाणूचे बीजाणू येऊ शकतात. या जिवाणूला हवा सोसत नाही, आणि तेलात बुडालेल्या पाकळीला हवा मिळतच नाही. पाकळीत ओलावा आहे, आंबटपणा नाही, वर स्वयंपाकघराची ऊब. विष तयार झालं तरी वास येईलच किंवा चव बदलेलच असं नाही. १९८५ साली कॅनडात व्हँकुव्हरच्या एका उपाहारगृहातल्या तेलातल्या लसणामुळे ३६ माणसं आजारी पडली होती. लसूण तेलात उकळून घेतला तरी बीजाणू मरतीलच असं नाही. लोणच्याचं गणित वेगळं. तिथे भरपूर मीठ आणि लिंबाचा किंवा कैरीचा आंबटपणा असतो, ते या जिवाणूला मानवत नाही. लसणाचं तेल करायचंच तर थोडं करा, लगेच फ्रीजमध्ये ठेवा आणि चार दिवसांच्या आत संपवा.

पण मी म्हणतो, कोरडं आणि ओलं वेगळं ठेवायची आपली रीत असताना बरणी भरायचीच कशाला? आमच्या सोलापूरकडे ताटात शेंगाची चटणी वाढली की तिच्यात बोटाने खळगा करून कच्चं तेल सोडतात. चटणी डब्यात कोरडी, तेल ऐन वेळी. इजिप्तमध्ये दुक्का असाच खातात. भाजलेले दाणे, तीळ, धणे, जिरं भरड कुटलेलं असतं. पाव आधी तेलात बुडवायचा, मग त्यात. लेबनॉन-पॅलेस्टाइनकडे झातर, म्हणजे सुक्या रानपाल्याचं आणि तिळाचं मिश्रण, तेही तसंच.

तुम्ही कारळाची चटणी करा. वाटीभर कारळ मंद आचेवर तडतडू द्या. सात-आठ सुक्या मिरच्या, चमचाभर जिरं भाजून घ्या, मीठ घाला. सगळं भरडच ठेवा, मिक्सर थांबत-थांबत फिरवा. ही आजही करून ठेवता येईल. लसूण तिच्यात नको. त्या दिवशी दोन पाकळ्या ठेचून वाढताना मिसळा. चमचाभर चटणीला दोन चमचे तेल पुरतं. घाण्याचं करडईचं किंवा शेंगदाण्याचं तेल घ्या. ऑलिव्हच्या कडवटपणापुढे कारळाची चव मार खाते, हे माझं ठाम मत. जवसाचं तेल मला फार आवडतं, पण ते लवकर खवट होतं. ताजं मिळालं तरच आणा आणि फ्रीजमध्ये ठेवा.

मृण्मयी_के

बरं झालं विचारलं! बरणी रद्द. कारळ उद्याच आणते. श्रीखंडासाठी चक्का टांगणार आहे, त्यातला थोडा डिपसाठी वापरला तर?

खारीबुंदी

अगदी वापर. साखर घालण्याआधी वाटीभर बाजूला काढ. मीठ घालून फेट, पसरट ताटलीत चमच्याने लाटा काढ आणि वर तेल, तीळ, पुदिना. इकडे त्यालाच लबनेह म्हणतात. दही तापवलेल्या दुधाचंच लाव, आणि वाढेपर्यंत फ्रीजमध्ये ठेव.

जोंधळा

चक्क्यासोबत पावापेक्षा कडक भाकरी ठेवा. सोलापूरची पाकिटबंद मिळते, हाताने तुकडे करायचे. माणशी एक धरा. ती कुरकुरीत असते, तेलात मऊ पडत नाही, त्यामुळे गप्पा लांबल्या तरी चालेल. पाकीट मात्र आयत्या वेळी फोडा, पावसाळी हवेत लगेच सादळते.